एका कोयत्याच्या दोन सह्या

वस्ती, शिरूर कासार
१४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. काकूस,
मंजुषाचा नमस्कार.

ऊसतोडीच्या टोळीची गाडी निघाली त्या सकाळच्या घाईत सगळं सांगता आलं नाही, म्हणून आता नीट लिहिते. हे पत्र उघडलंस तेव्हा खाली हिरवी खूण दिसली असेल आणि तिच्याजवळ माझं नाव. दिसली नसेल तर पुढं वाचू नकोस. पत्र माझं नाही असं समज.

तू विचारलं होतंस, हे सॉफ्टवेअर शोधलंस कुठून? लई हिंडावं लागलं. पहिलं ॲप उतरवलं तर ते आधी माझ्या फोनमधली सगळी नावं-नंबर मागायला लागलं. मी माझी सही करायची तर त्याला माझ्या मामाचा नंबर कशाला हवा? काढून टाकलं. मग शिरूरच्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "पेन ड्राइव्हसारखी वस्तू मिळते ताई, तिच्यात सही असते. पासवर्ड आमच्याकडंच राहू द्या, खेड्यातली माणसं विसरतात." म्हणजे सही माझी आणि हात त्याचा! उठून आले. शेवटी सापडलं ते फुकट आहे, आणि ते आतून कसं चालतं हे कुणालाही उघडून तपासता येतं. तरी माझी शंका गेली नाही. उतरवताना वाटेतच कुणी बदललं असलं तर? कॉलेजातल्या एका ओळखीनं त्याच्याकडचं आणि माझ्याकडचं ताडून पाहिलं, एका अक्षराचा फरक नाही म्हटल्यावरच तुझ्या फोनमध्ये घातलं.

तुझ्या फोनमध्ये आता दोन वस्तू आहेत असं धर. एक गुप्त. ती फोनच्या बाहेर जात नाही आणि तुझ्या पासवर्डाशिवाय जागी होत नाही. सही होते ती तिनं. दुसरी उघडी. तिची प्रत माझ्याकडं आहे, साऱ्या तालुक्यात वाटली तरी बिघडत नाही, कारण तिनं फक्त सही तपासता येते, करता येत नाही. दादांच्या मेंढरांच्या कानाची खूण साऱ्या शिवाराला ठाऊक असते, पण ती खूण करणारे दादाच. फरक इतकाच, की ही खूण चोराला करता येत नाही. पत्रातलं एक अक्षर जरी कुणी बदललं, तरी हिरव्याचं लाल होतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी ते तुला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी तुझ्या नावानं निरोप आला, "मला बरं न्हाई, मनिषाला पाठवा." तुझी थोरली मनिषा दप्तर आमच्या ओट्यावर ठेवून गेली, आणि आठवड्याच्या आत तिच्या हळदीचा फोटो आला. सोळा वर्षांची होती. तू म्हणालीस, निरोप मी पाठवलाच नाही. काका म्हणतात, मुकादमाच्या माणसानं पाठवला. मुकादम म्हणतो, घरातलं घरात बघा. आता धाकटी अंजू सोळाची आहे आणि तिची दहावी आहे. आई-दादा मेंढरांमागं पार गोदावरीकडं. घरात मी आणि ती. फोनवर तुझ्याशी बोलावं तर पाचटाच्या कोपीला भिंत नाही, आजूबाजूला अर्धी टोळी ऐकत असते.

म्हणून एवढंच ठरलं. तुझ्या सहीचं पत्र आल्याशिवाय मी अंजूला कुठल्याच गाडीत बसवणार नाही. मग निरोप घेऊन साक्षात मुकादम येवो की काका.

निघताना काका हसले होते, "एका कोयत्याची एकच काढ की गं! नवरा-बायको मिळून कोयता एक, मुकादमाकडं नाव एक, मग सह्या दोन कशाला?" तू डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून म्हणालीस, "माजी येगळी." काकू, त्या क्षणी मला तुझा फार अभिमान वाटला.

तुझी,
मंजुषा

(सही बरोबर. सही करणारी: मंजुषा.)


कारखान्यावरून
२३ नोव्हेंबर

मंजे,

हिरवी खूण दिसली. तुजं नाव बी दिसलं. लिवायला उशीर झाला, कारखान्याच्या गेटावरल्या हाटेलात फोन चार्जिंगला लावावा लागतो. आन बोटं उसाच्या पानांनी चिरल्यात, फोन माजं बोट वळखीत न्हाई. करंगळीनं टायपायलेय.

बिभीषण मुकादम म्हणला, "काय वयनी, कलेक्टर झालाव का? सह्या करायलाव." म्हणलं, "कलेक्टरची सही तुमाला करता येत आसंल भाऊ, माजी न्हाई येत." टोळी लई हासली. हे हासले न्हाईत.

आता माज्या गोष्टी. तू किलास घ्यायला शिरूरला जाती, तवा अंजू दुपारची एकलीच आसती का? घरी कोण येतं-जातं? कालिजातली वळख म्हंजी कोण, बाई का बाप्या?

अंजूला म्हणावं, तू लिव. तिच्या हातचं लिव म्हणावं.

सुभद्रा

(सही बरोबर. सही करणारी: सुभद्राबाई.)


वस्ती, शिरूर कासार
३० नोव्हेंबर

ती. सौ. काकूस,
नमस्कार.

मुकादमाला दिलेलं उत्तर मी दोनदा वाचलं आणि अंजूला मोठ्यानं वाचून दाखवलं. पण काका हसले नाहीत हे तू का लिहिलंस, त्यावरच मन अडकलं. सावध राहा. फोन कुणाच्या हातात देऊ नकोस, चार्जिंगला लावलास तरी नजर ठेव. पासवर्ड पुटपुटायचाही नाही.

घरी कोणी येत नाही. अंजू दुपारी अभ्यास करते. तू मुळीच काळजी करू नकोस. तिचं पत्र खाली जोडते.

"ती. आईस, साष्टांग नमस्कार. माझा अभ्यास उत्तम चालू आहे. गणित व विज्ञान या विषयांकडे मी विशेष लक्ष देत आहे. शिक्षणाशिवाय पर्याय नाही हे मला पूर्णपणे पटले आहे, त्यामुळे लग्नाचा विचार माझ्या मनातही येत नाही. तू माझी चिंता करू नये. तुझी, अंजू."

बघ, किती समजूतदार झाली आहे.

तुझी,
मंजुषा

(सही बरोबर. सही करणारी: मंजुषा.)


कारखान्यावरून
१९ डिसेंबर

मंजुषा,

अंजूला पाठव. आईतवारी बीडातून कोल्हापूरच्या बशीत बसवून दे. मी उतरून घ्यायला यीन. कावून म्हणून इच्यारू नको.

सुभद्रा

(सही बरोबर. सही करणारी: सुभद्राबाई.)


वस्ती, शिरूर कासार
२० डिसेंबर

हे पत्र ज्यानं लिहिलं त्यास,

तू माझी काकू नाहीस.

तीन आठवडे काही नाही, आणि मग एवढ्या चार ओळी. काकू मला "मंजे" म्हणते. जन्मात कधी "मंजुषा" म्हणाली नाही. अंजू जेवली का, शेळी व्याली का, हे विचारल्याशिवाय तिचं बोलणं संपत नाही. आणि असंच "मनिषाला पाठवा" मी तीन वर्षांपूर्वी एकदा वाचलेलं आहे.

सही मात्र खरी दिसते. मी पुन्हा तपासली. सॉफ्टवेअर काढून टाकलं, नव्यानं उतरवलं, पुन्हा तपासली. हिरवी. म्हणजे दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर तुम्ही तिचा पासवर्ड काढून घेतलात. कसा, ते मनात आणायचीही मला भीती वाटते. नाहीतर तिला समोर बसवून, कोयता दाखवून सही करायला लावलीत. बिभीषण मुकादम असाल तर ऐका, मला शिरूरचं पोलीस ठाणं ठाऊक आहे. काका असाल तर... काका, तुम्ही असाल तर मला काय लिहावं ते सुचत नाही.

काकू, हे तुझ्यापर्यंत पोचलंच तर एकाच गोष्टीचं उत्तर दे. गाडीत चढताना तू माझ्या कानात काय म्हणालीस? तेव्हा दुसरं कोणी जवळ नव्हतं.

तोवर अंजू या घरातून हलणार नाही.

मंजुषा

(सही बरोबर. सही करणारी: मंजुषा.)


कारखान्यावरून
२४ डिसेंबर

मंजे,

गाडीत चढताना म्हणलं होतं, "पोरगी तुज्या वटीत घातली, आता तूच तिची आई." बस का? मीच हाय. माज्या समोर कुणी कोयता धरला न्हवता. लिवलं ते मी लिवलं, सही बी मीच केली. मशीन खरं बोललं, तुलाच ते खरं वाटंना.

आता तू ऐक. आज फडाला सुट्टी हाय, गाडी बंद पडली. सगळं लिवते.

वस्तीवरल्या छबुबाईचा फोन आलता. म्हणली, "तुज्या पुतणीकडं मोटारसायकल लागती, पोरगं वसरीवर बसतं." तू तर लिवलं होतं, घरी कुणी येत न्हाई. मी म्हणलं छबुबाई चहाडखोर, सोड. मंग अंजूचं पत्र काडलं. अंजू "पर्याय" म्हणती व्हय? अंजू माला "चिंता करू नये" म्हणंल? तिनं तर उंदीर दिसला तरी इचारलं आसतं, आई तू भेली का. आन खाली बघितलं तर हिरवी खूण, आन खुणंजवळ नाव तुजं. अंजूच्या पत्राला तुजी सही.

मंग मी इच्यार केला. तीन वर्सापल्याड मनिषाच्या येळी माज्या नावानं दुसऱ्यानंच लिवलं. माला कुणी इच्यारलं न्हाई. आता अंजूच्या नावानं तू लिवती. तुजं चांगल्यासाठी आसंल. त्यो तवाचा लिवणारा बी म्हणत आसंल, चांगल्यासाठीच. मंजे, माला फरक सांग.

एका कोयत्याला एकच सही, ह्ये तुज्या काकाचं तुला पटलं न्हाई. मंग तुज्या घरात दोघी, आन सही एक, ती कशी?

इथं शेजारच्या कोपीतल्या मानसांनी अंजूला मागणी घातली. पोरगं वाईट न्हाई, दारू पीत न्हाई. हे हो म्हणायलेत. म्हणत्यात, तरणी पोर एकलीला ठिवायची आन हितं आपल्याला झोप न्हाई. झोप माला बी न्हाई, ह्ये खरं. मी आजून हो म्हणलं न्हाई, न्हाई बी म्हणलं न्हाई. माला पोरीच्या तोंडाकडं बगून इच्यारायचं होतं. म्हणून पाठव म्हणलं.

तुला काय म्हणायचं ते माला कळलं. अंजूला काय म्हणायचं ते आजून कळलं न्हाई.

शेळी व्याली का?

सुभद्रा

(सही बरोबर. सही करणारी: सुभद्राबाई.)


वस्ती, शिरूर कासार
२६ डिसेंबर

काकू,

फरक मला सांगता येत नाही. शोधला, सापडला नाही.

अंजूचं पत्र मी लिहिलं. लिहून तिला वाचून दाखवलं. ती "हं" म्हणाली, तेच मी पुरेसं धरलं. तिच्यासाठी वेगळी सही काढावी हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ती लहान आहे, तिचं मी बघते आहे, असंच वाटत राहिलं.

मोटारसायकल अजिनाथची. माझ्या वर्गात होता, तलवाड्याचा. सॉफ्टवेअर ताडून पाहिलं ती ओळख तोच. मी लपवलं, कारण तू "बाई का बाप्या" विचारलंस. एकदाच आला, ओसरीवर बसला, चहा घेऊन गेला. त्याच्यात आणि माझ्यात काही नाही, असं लिहिणार होते. पण सहीखाली खोटं जायला नको. मला अजून ठाऊक नाही.

अंजूच्या फोनमध्ये तिची सही आज काढली. तिच्या पासवर्डाच्या वेळी मी अंगणात जाऊन उभी राहिले. तुझ्या फोनमध्ये तिची उघडी प्रत पाठवते आहे. पण ती खरी तिचीच आहे याला माझा शब्द धरू नकोस. त्या प्रतीची ओळख म्हणून जी अक्षरं-आकडे दिसतात, ती फोनवर ती तुला वाचून दाखवील, तू तुझ्याकडची ताडून बघ. तिचा आवाज तर तू ओळखशील. ही गोष्ट साऱ्या टोळीनं ऐकली तरी चालते.

ती काय लिहिणार ते मला ठाऊक नाही. भीती वाटते.

शेळी व्याली. दोन बोकडं.

मंजुषा

(सही बरोबर. सही करणारी: मंजुषा.)


वस्ती
२७ डिसेंबर

आई,

हे मीच लिवते. ताई अंगणात हाय, बगत न्हाई. (बगती, पण खिडकीतून.) पासवर्ड मी कुणाला सांगणार न्हाई, तुला बी न्हाई.

ते आधीचं पत्र ताईनं वाचून दाखवलं तवा मी शेळीला पाला टाकत होते, हं म्हणलं. शेळीची शपथ, "विशेष लक्ष" मी कुठंच देत न्हाई. गणित माला येत न्हाई. भूगोल आवडतो.

छबुबाईला मोटारसायकलीचं मीच सांगितलं. ती म्हणली कुणाची गं, म्हणलं ताईच्या दोस्ताची. तेवढं बोलले तर तिनं कोल्हापूरपर्यंत न्हेलं. तो दादा चांगला हाय, जाताना आपली कपबशी इसळून ठिवली.

दुपारी माला भ्या वाटतं. ताईला सांगितलं न्हवतं, ती किलास सोडंल म्हणून. भ्या वाटलं की मी छबुबाईकडं जाऊन बसते. तिच्यावर चिडू नको.

लग्न माला आता न्हाई करायचं. माला दहावीचा पेपर द्यायचाय, मंग पुढचं बगू. त्यो पोरगा चांगला आसंल तर थांबंल. न्हाई थांबला तर मंग कसला चांगला.

पण माला तुज्याकडं यायचंय. दिवाळीपसून तुला बगितलं न्हाई. हे ताईला म्हणाले न्हाई, ती म्हणाली आसती फशिवत्यात. मनिषाताई बी अशीच आईकडं म्हणून गेली आन परत आली न्हाई, म्हणून माला बी जरा वाटतं. तर तू आसं कर. परत पाठवते म्हणून सहीनं लिहून दे. मंग मी संक्रांतीला यीन.

तू जेवली का?

अंजू

(सही बरोबर. सही करणारी: अंजू.)


कारखान्यावरून
२ जानेवारी २०२६

अंजे, मंजे, दोघींनी वाचा.

अंजूनं फोनवर अक्षरं वाचली, मी ताडली, समदी जुळली. हितं बाया म्हणल्या, मायलेकी मंतर म्हणायल्यात का काय.

मी सुभद्रा लिहून देते. अंजू संक्रांतीला माज्याकडं यील आन शनवारी परत जाईल. तिला इच्यारल्याबिगर तिला हळद लागणार न्हाई.

हे म्हणले, "माला न इच्यारता सही कशी केली? कोयता एक हाय आपला." म्हणलं, "कोयता एक आसंल, हात चार हायेत." दोन दिस बोलत न्हाईत. बोलतील.

जेवले. तू जेव.

सुभद्रा

(सही बरोबर. सही करणारी: सुभद्राबाई.)


वस्ती, शिरूर कासार
२० जानेवारी

काकू,

हे पत्र लिहावं की नाही, ठरत नव्हतं. पण तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

शनिवारी अंजू आली नाही. तुझा फोन बंद, तिचा बंद. रविवारी मी तुझं दोन तारखेचं पत्र काढून पुन्हा तपासलं. हिरवी खूण. पुन्हा तपासलं. मग लक्षात आलं की मी कशासाठी तपासते आहे तेच चुकतंय. हे तू लिहिलंस, एवढं ती खूण सांगते. तू ते पाळशील का, हे ती सांगत नाही. ते सांगणारं सॉफ्टवेअर मी कितीही हिंडले तरी सापडायचं नाही.

आणि तरीही मी तुझ्यावर विश्वास ठेवू शकले नाही. सोमवारी सकाळी मी तुझ्याविरुद्ध तक्रार लिहिली. काकांच्याही, पण आधी नाव तुझं. अजिनाथला बोलावलं, ठाण्यात सोड म्हटलं. तो म्हणाला, "सोडतो. पण वाटेवर स्टँड हाय, आधी एक बस बगू." दोन बसेस बघितल्या. तिसरीतून अंजू उतरली, डोक्यावर उसाची पेंडी आणि डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. मला बघून म्हणाली, "ताई, तू रडायला आली का भांडायला? आन ह्यो दादा कावून आलाय?"

मी हात धरला, विचारलं, काय लागलं? कोयता लागला? तिनं फडकं सोडलं. कोपरापर्यंत निळ्या पेनानं अक्षरं आणि आकडे. दोन दिवस हात धुतला नव्हता.

मग कळलं. तुम्ही दोघी मनिषाच्या फडावर गेला होतात, तिकडं रेंज नाही, म्हणून उशीर. तिथं अंजूनं तिच्या फोनमध्ये सही काढून दिली, आणि तिच्या सहीची ओळख हातावर लिहून आणली. वाटेत कुणी बदलू नये म्हणून. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं.

तक्रार फाडली. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

हळद नाही, बांगड्या नव्या पण संक्रांतीच्या, एवढं बघून घेतलं. परत पाठवलीस. काकू, परत पाठवलीस.

मंजुषा

(सही बरोबर. सही करणारी: मंजुषा.)


कारखान्यावरून
२५ जानेवारी

मंजे,

तकरार लिवली ते बरं केलं. मनिषाच्या येळी कुणी लिवली आसती तर.

सुभद्रा

(सही बरोबर. सही करणारी: सुभद्राबाई.)


फडावरून
१ फेब्रुवारी

मंजुषा,

मी मनिषा. अंजू म्हणली, पहिलं पत्र तुलाच पाठव, तुज्याकडं माज्या सहीची वळख हाय, तिच्या हातावरून उतरवलेली. आज उसाच्या गाडीवर बसून रेंजला आले.

आई आन अंजू आल्या तवा मी आईला पाणी बी इच्यारलं न्हाई. तीन वर्स मी तिच्याशी धड बोलले न्हवते. माला वाटायचं, "मला बरं न्हाई" म्हणून तिनंच बोलावलं, आन बोहल्यावर बी तिनंच उभं केलं. ती म्हणायची, म्या न्हाई पाठवला निरोप. समदेच म्हणत्यात, म्या न्हाई.

अंजूनं पेन काडला आन सोताच्या हातावर माज्या सहीची अक्षरं लिवायला लागली. एक एक अक्षर मी म्हणायची, ती लिवायची. आई बाजूला बसून बगत होती. मधीच म्हणली, "मने, माजी बी उतरवून घे तुज्या हातावर. मी तुला लिवते. त्या निरोपाचं, पैल्यापसून, सहीनं लिवते. मंग तूच ठरव, कोण खरं."

मी उतरवून घेतली. आज सकाळी तिचं पत्र आलंय. लांब हाय. आजून उघडलं न्हाई.

तपासायचं कसं, तेवढं माला आधी सांग.

मनिषा

(सही बरोबर. सही करणारी: मनिषा.)